हरेशरावांचा अजरामर अल्बम

वसई रोड (पश्चिम),
फेब्रुवारी २०००

ती. दादामामा यांना चंद्रहासचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे इथे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे ते लगेच कळवा. आशालताच्या मते तेलापेक्षा शेक बरा, पण तुम्ही दोन्ही करणार नाही हे मला ठाऊक आहे. मामींना नमस्कार सांगा. त्यांची कोकमं पोचली (पुड्यांवर तीन जणांची नावं लिहिलेली असूनही तिन्ही पुड्या आम्हीच ठेवल्या, हे कृपया कुणाला बोलू नका). दिवाळीनंतर पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल, पण मी सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून माझ्या हातून खाजगी असं काहीच होत नाही. त्यात डिसेंबरपासून आमच्या श्रीपत-दर्शनमध्ये आजवरचा जगातला सर्वश्रेष्ठ अल्बम निवडण्याचं काम चालू होतं. ते आता पूर्ण झालं आहे. जगाला अजून कळवलेलं नाही.

याचं मूळ असं. शतक संपतंय म्हणून एका वर्तमानपत्राने सार्वकालिक श्रेष्ठ अल्बमांची यादी छापली आणि आमच्या अनुष्काने ती कापून सोसायटीच्या फळ्यावर लावली. (ती आता कॉलेजात जाते, त्यामुळे तिला विचारून लावली का, असं विचारायची सोय नाही.) यादी सगळी परदेशी. आमचे चेअरमन हरेशराव यांनी ती चष्मा लावून वरून खाली आणि पुन्हा खालून वर वाचली, आणि एवढ्या मोठ्या यादीत वसई तालुक्यातला एकही अल्बम नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. हरेशराव म्हणजे इथल्या जुन्या शेतकरी घरातले. आमची इमारत त्यांच्याच भातशेतात उभी आहे आणि तिला त्यांच्या वडिलांचं नाव आहे, त्यामुळे चेअरमनपदासाठी निवडणूक घेण्याचा प्रश्न कधी आलेला नाही. त्यांनी तातडीची सभा बोलावली. पाण्याची लाईन अजून आलेली नाही, टाकी गळते, आणि टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही माहीत नसतं. हे तिन्ही विषय पुढच्या सभेवर ढकलून आम्ही संगीताकडे वळलो.

ठरलं ते असं. ज्याला वाटेल त्याने आपली कॅसेट आणायची. दर रविवारी दुपारी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, सोसायटीच्या डेकवर, ती पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवायची. जो अल्बम चालू असताना एकही माणूस खुर्चीवरून उठणार नाही, तो टिकाऊ. जो टिकाऊ, तो श्रेष्ठ. आणि जो श्रेष्ठ ठरेल तो नव्या वर्षापासून रोज सकाळी, पाणी सोडायच्या वेळेला, भोंग्यावरून सगळ्या सोसायटीला ऐकवायचा. नियम हरेशरावांनीच सुचवला. ऐकताना तो इतका सरळ वाटला की मीच अनुमोदन दिलं.

पहिल्या रविवारी अनुष्काची इंग्रजी कॅसेट लागली. दुसऱ्या गाण्याला तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ स्पीकर जळाला समजून मेन स्विच बंद करायला धावले आणि अल्बम बाद झाला. अनुष्का दोन दिवस घरात कुणाशी बोलली नाही. पुढच्या रविवारी मी वडिलांच्या वेळची नाट्यगीतांची कॅसेट आणली. मामा, काय रंग चढला होता! माना डोलत होत्या, कुणी डोळे मिटले होते, आणि ऐन तानेच्या मध्यावर फाटकाशी टँकरचा हॉर्न वाजला. सगळं पार्किंग रिकामं झालं. (सर्वांत आधी कोण उठलं हे आशालता तुम्हाला सांगेलच, पण आमची बादली जिन्यात सगळ्यांत मागे होती, हे ती सांगणार नाही.)

मग तळमजल्यावरच्या ऑगस्टीनची पाळी आली. हा मूळचा जवळच्याच गिरीज गावचा, बोलायला लाजणारा. त्याने जी कॅसेट आणली तिला कव्हरसुद्धा नव्हतं. बहिणीच्या लग्नात कुणीतरी भरून घेतलेली. तीत त्याची क्लेमेंटीन आत्या गावाकडच्या बोलीत लग्नाची गाणी म्हणते, मागे बँडवाला सूर शोधतोय, मध्येच कुत्रं भुंकतं, आणि एका कडव्यात कुणीतरी स्पष्टपणे खुर्च्या कमी पडल्याची तक्रार करतं. आम्ही कोकणातले, घाटावरचे, मुंबईहून आलेले, सगळे हसू दाबून बसलो होतो. शब्द एक कळत नव्हता. तेवढ्यात पुतळाबाई उठल्या.

पुतळाबाई म्हणजे हरेशरावांच्या आई. एरवी त्यांना खुर्चीतून उठवायला दोन सुना लागतात. त्या उठल्या, पदर खोचला आणि आत्याबाईंच्या आधीच पुढची ओळ म्हणू लागल्या. गाणं एकच होतं. हरेशरावांकडे ते हळदीत म्हणायचे आणि ऑगस्टीनकडे लग्नात. मग त्यांनी हात धरून आशालताला ओढलं, आशालताने शेजारणीला, आणि पाच मिनिटांत पार्किंगमध्ये फेर धरला गेला. मी स्वतः नाचलो नाही, पण चपला काढल्या होत्या. ऑगस्टीन डेकपाशी उभा राहून रडत होता की हसत होता, ते मला ठरवता आलं नाही.

हरेशरावांनी डेक बंद केला. नियमाप्रमाणे अल्बम बाद आहे, असं त्यांनी जाहीर केलं, आणि जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आई, तू उठलीस."

म्हातारी तशीच उभी. म्हणाली, "उठनार नाय तं काय? गानं लागल्यावर बसून राहतात ते मयताला."

नियम मात्र नियमच राहिला.

शेवटच्या रविवारी हरेशरावांचा स्वतःचा अल्बम होता. हो, त्यांचा आहे. 'हरेशाची हाक'. मागच्या वर्षी काढला. कव्हरवर ते शाल पांघरून किल्ल्याच्या भिंतीसमोर उभे आहेत आणि हात असा वर केला आहे की आशीर्वाद देताहेत की रिक्षा थांबवताहेत ते कळू नये. त्या दिवशी त्यांनी सगळ्या सोसायटीला श्रीखंड-पुरीचं जेवण दिलं. टँकरला संध्याकाळपर्यंत येऊ नकोस असा निरोप गेला होता. वर चार पंखे लावले. पहिल्या अभंगाच्या दुसऱ्या चरणाला सगळं पार्किंग गाढ झोपलं. कॅसेट उलटायला खुद्द हरेशराव उठले, पण गायकाचं उठणं धरायचं नाही, असा निर्णय त्यांनी तिथल्या तिथे दिला. विरोध करायला जागं कोणी नव्हतं. अशा रीतीने 'हरेशाची हाक' हा आजवरचा सर्वश्रेष्ठ अल्बम एकमताने ठरला.

एक जानेवारीपासून तो रोज वाजतो. दूधवाल्याने वेळ बदलली. समोरच्या नारळावरचे कावळे नायगावकडे गेले, असं म्हणतात. पुतळाबाई मात्र रोज दुपारी ऑगस्टीनकडे जाऊन ती बाद झालेली कॅसेट ऐकतात. एकदा त्याने आत्यालाही गावाहून आणलं. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून बसल्या, गायल्या, आणि तिसऱ्या कडव्यातल्या एका शब्दावरून अशा भांडल्या की चहा गार झाला. पुतळाबाई म्हणतात आपला शब्द खरा, आत्या म्हणते आपला. आता आत्या दर रविवारी भांडायला येते. गाणी टिकतात ती यामुळे, असं मला अधूनमधून वाटतं, पण मी सेक्रेटरी असल्यामुळे तसं बोलता येत नाही.

असो. पाणी आल्याची हाक ऐकू येते आहे, लेखणी आवरतो. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा,
चंद्रहास

ता. क. : पत्र लिहिण्याचं मुख्य कारण राहूनच गेलं. हरेशराव दुसरा अल्बम काढताहेत आणि त्यांना पेटीवाला हवा आहे. तुम्ही इतकी वर्षं दशावताराला साथ केलीत, म्हणून मी तुमचं नाव सांगून टाकलं आहे. नाही म्हणू नका. फक्त एक करा : त्यांना न विचारता काळी पाचची उंच पट्टी धरा. दोन गाण्यांत घसा बसेल आणि सोसायटी तुमचे उपकार विसरणार नाही.

ता. क. २ : आशालता सांगते की येताना सुकी सोलं आणा. कोकमं संपली.

ता. क. ३ : पत्र काल टाकायचं राहिलं ते बरंच झालं. आज सकाळी अल्बम चालू असताना वीज गेली. भोंगा मध्येच थांबला. आम्ही सगळे बादल्या घेऊन जिन्यात उभे. कुणी ठरवलं नव्हतं, पण वरच्या मजल्यावरून कुणीतरी पुढची ओळ उचलली, मग मधल्यांनी, मग खालच्यांनी, आणि राहिलेला अभंग शेवटपर्यंत म्हटला गेला. अनुष्कासकट. मलाही पाठ आहे, हे मला आजच कळलं. हरेशराव गॅलरीत आले आणि नुसते कठडा धरून उभे राहिले. तेव्हा वर दिलेली पट्टीबाबतची सूचना रद्द समजावी. त्यांना झेपेल त्याच पट्टीत वाजवा.