ठिपक्यापुढची अट

मिऱ्या, रत्नागिरी
१२ जून १९८८

ती. गंगारामदादास सगुणाचा सा. न. वि. वि.

तुझ्या कंपनीने आमच्या कारखान्याच्या गळ्यात घातलेला कॉम्प्युटर सुखरूप आहे. एप्रिलमध्ये तू येऊन तो मांडून गेलास, त्यानंतर महिनाभर कुणी त्याला हात लावला नाही. आता मॅनेजरसाहेबांनी टायपिस्ट म्हणून मलाच त्याच्यापुढे बसवलं आहे. त्याची खोली गार ठेवावी लागते आणि चपला बाहेर काढाव्या लागतात. मथुरा आत्या कोळंबी सोलायच्या हॉलमधून हात पुसत पुसत बघायला आली आणि म्हणाली की कोळंबीला बर्फ लागतो ते समजतं, या पेटीला कशाला लागतो? ही काय नासणार आहे?

तू दाखवून गेलास तसा मी माहिती भरायचा तो प्रोग्रॅम, डीबेस, चालू करते. मग पडद्यावर नुसता एक ठिपका येतो आणि पुढच्या हुकमाची वाट बघत राहतो. खरं सांगू, मला त्याची भीतीच वाटते. नवीन सुनेसारखा काही बोलत नाही आणि चुकलं की लगेच दाखवतो.

आता काम सांगते. साहेबांना सोलणाऱ्या सगळ्या बायकांची माहिती त्यात भरून हवी आहे. त्यांचा म्हणे एकत्र विमा उतरायचा आहे आणि त्यासाठी खरी वयं लागतात. कामावर घेतलं तेव्हाच्या कारकुनाने प्रत्येकीच्या तोंडाकडे बघून वय लिहिलं होतं, ते तुला माहीतच आहे. आत्याचा किस्सा तूच तर सगळ्यांना सांगत असतोस. तिने वय माहीत नाही म्हटल्यावर त्याने तीस लिहिलं, आणि रांगेत मागे उभ्या गोदाने माझं पण तेच लिवा म्हटल्यावर तिचंही तीस. तर आता खरी वयं काढायची कशी, आणि भरल्यावर त्यातल्या हव्या तेवढ्याच बायका यंत्राकडून मागवायच्या कशा, ते सविस्तर लिही. पावसामुळे होड्या बंद आहेत, हॉलमध्ये काम कमी आहे, तेवढ्यात उरकायचं आहे.

आत्या विचारते की खानावळीत मासे तरी देतात का. तब्येतीला जप आणि या अडाणी बहिणीवर माया ठेव.

तुझी,
सगुणा

०

माझगाव, मुंबई
२१ जून १९८८

चि. सगुणा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

बाईसाहेब, कॉम्प्युटरला भिणारी तू आणि मला मेलेला खेकडा दाखवून पळवणारीही तूच, हे मी कसं खरं मानू? तो ठिपका गरीब आहे. सांगशील तेवढंच करतो, स्वतःच्या मनाचं काही करत नाही.

आधी फाईल बांध. त्यात रकाने कर: नाव, वाडी, कामाला लागल्याचं साल, जन्मसाल. वय मात्र लिहू नकोस. वय दरवर्षी बदलतं आणि मग सगळी फाईल खोटी ठरते. जन्मसाल एकदा लिहिलं की जन्माचं काम झालं. मग एकेक बाई एकेका ओळीत भर.

आता मागवायचं कसं ते. ठिपक्यापुढे लिस्ट लिही, त्यापुढे फॉर, आणि त्यापुढे तुझी अट. अटीत बसतील त्याच बायका पडद्यावर येतील, बाकीच्या फाईलमध्ये गप्प बसून राहतील. समज, जन्मसाल एकोणीसशे चौतीसच्या आधीचं अशी अट घातलीस, तर ज्यांना पंचावन्न पुरी होत आहेत तेवढ्याच येतील. छापून द्यायचं असेल तर रिपोर्टचा हुकूम वेगळा आहे, तो मागच्या पानावर लिहिला आहे. त्यात वर मथळा घालता येतो, खाली एकूण किती तेही येतं.

काम नीट कर. मी एकट्याने विकलेलं हे पहिलंच मशीन आहे आणि साहेब खूश झाले तर इथे मला कायम करतील. खानावळीत मासे देतात, पण ते मेले कधी हे विचारायची सोय नाही. आत्याला माझा नमस्कार सांग आणि पत्राला उशीर करू नकोस.

तुझा,
गंगारामदादा

०

मिऱ्या, रत्नागिरी
१७ जुलै १९८८

ती. दादास सा. न. वि. वि.

जमलं. एकदाचं जमलं. तुला आधी हे कळवायचं म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

वयांचं काम माझ्याच्याने झालंच नसतं. पहिल्या दिवशी बायका माझ्याकडे बघून हसल्या आणि परत सोलायला लागल्या. कारखान्यात उगाच कुणी वय विचारत नाही, असं कमळा तोंडावर म्हणाली. मग जेवणाच्या सुट्टीत आत्या माझ्या शेजारी येऊन बसली. सगळ्यांना म्हणाली की ही माझी पोर आहे, आईबाप गेल्यावर मी वाढवलेली, हिच्याशी खोटं बोलायचं कारण नाही. मग एकेकीचा हिशेब निघाला. साल कुणालाच माहीत नाही, पण प्रसंग माहीत आहेत. पतितपावन मंदिर उघडलं तेव्हा गोदा आईच्या पोटात होती. गांधीजींना मारलं त्या साली कमळाचं लग्न झालं आणि तेव्हा ती पंधराची होती. एकमेकींच्या खोड्या काढत, तू माझ्या थोरलीच्या आधीची की मागची असं भांडत, सगळ्यांची सालं लागली. इतकं हसणं त्या हॉलमध्ये मी कधी ऐकलं नव्हतं.

आत्याचं सांगायचं तर, रामदास बोट बुडाली त्या पावसात ती तेरा-चौदाची नवी नवरी होती. मी चौतीस साल लिहीत होते. तिनेच बोटं मोजून तेहेतीस करायला लावलं. दुसऱ्यांना खरं सांगा म्हणून बसवलं आणि स्वतः एक वर्ष चोरलं तर बरं दिसत नाही, म्हणाली. साहेबांनी विम्यासाठी म्हणून प्रत्येकीचा अंगठाही घ्यायला सांगितला होता, तो घेतला.

आणि काल साहेबांनी स्वतः शेजारी बसून अट सांगितली. तू लिहिली होतीस नेमकी तीच, चौतीसच्या आधीच्या. मी ती ठिपक्यापुढे घातली आणि एका दमात नावं सरसर आली. मग रिपोर्ट छापला. तो छापायचा आवाज ऐकून पॅकिंगमधली माणसं धावत आली. साहेबांनी दोन अधिकाऱ्यांना बोलावून दाखवलं आणि मला पेढा दिला. मी तो घरी आणून आत्याला दिला. आत्याने अर्धा गोदाला नेऊन दिला, पोरीने आमचं नाव छापलं असं सांगत. रिपोर्टात तिचं नाव तिसरं होतं.

राखी नारळी पौर्णिमेच्या आधी पोचेल अशी पाठवते. ओवाळणी म्हणून एक कोरी फ्लॉपी दिलीस तरी पुरे. असाच शिकवत राहा आणि आमची आठवण काढत जा.

तुझी,
सगुणा

०

माझगाव, मुंबई
२ ऑगस्ट १९८८

चि. सगुणा हिस अ. उ. आ.

पत्र पोचलं. तू काम छान केलंस. साहेबांचा आमच्या कंपनीला फोन आला होता आणि मला कायम केल्याचं पत्र परवा मिळालं.

आत्याचे गुडघे कसे आहेत? बर्फात उभं राहून तिचे पाय सुजतात, असं तू मागे लिहिलं होतंस. मला वाटतं तिने आता पुष्कळ काम केलं. घरी बसून आराम केला तर काय बिघडणार आहे? मी दर महिन्याला पाठवीनच. तू तिच्याशी जरा या विषयावर बोलून ठेव.

इथे काम फार आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. मायेत अंतर नको.

तुझा,
दादा

०

मिऱ्या, रत्नागिरी
१ सप्टेंबर १९८८

दादा,

नमस्कार केला असं समज.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, माल आला. परवा सगळ्या बायकांना कामावर बोलावलं. मी आणि आत्या एकाच गाडीने मिरजोळ्याला कारखान्यावर गेलो. फाटकावर पहारेकऱ्याच्या हातात माझा रिपोर्ट होता. मी मथळा घातलेला, मी छापलेला, कोपऱ्यात मी हौसेने माझं नाव टाकलेला. तो नाव वाची आणि ती बाई बाजूला काढी. गोदा, मग सखू, मग मथुरा. पंचावन्न पुरी झाली, कंपनीच्या नियमाप्रमाणे आता घरी बसायचं. त्यांच्या जागी कंत्राटदाराने आणलेल्या मुली ट्रकमधून उतरून आत गेल्या. त्यांना कायम करावं लागणार नाही, हे मला नंतर कळलं.

मी साहेबांच्या खोलीत गेले. विमा कुठे आहे म्हणून विचारलं. ते म्हणाले की विम्याचा विचार पुढे बघू. मी म्हटलं की ही सालं अंदाजाने काढलेली आहेत, गप्पा मारत काढलेली आहेत, त्यांना आधार नाही. त्यांनी शांतपणे अंगठे दाखवले. मीच घेतलेले. मग हसून म्हणाले की मी उगाच मनाला लावून घेते, ही कल्पना काही माझी नाही, माझ्या भावाची आहे. मशीन विकायला आलास तेव्हा चहा पिताना तू त्यांना आत्याचा किस्सा सांगितलास. तुमच्या कागदांवरची सगळी वयं खोटी आहेत, खरी काढून मशीनमध्ये घातलीत तर किती बायका सहज कमी होतील ते एका हुकमात दिसेल, असं सांगितलंस. त्यावर त्यांनी मशीन घेतलं.

मी घरी येऊन तुझं जूनचं पत्र काढून वाचलं. चौतीसच्या आधीची अट मी तुला विचारलीच नव्हती. साहेबांनीही तोवर मला सांगितली नव्हती. मग ती तुझ्या पत्रात कशी आली? आणि ऑगस्टमध्ये तुला एकाएकी आत्याचे गुडघे का आठवले?

वाडीत आमच्याशी कुणी बोलत नाही. गोदा दारात येऊन आत्याला म्हणाली की तुझ्या शब्दावर मी तोंड उघडलं. आत्याने मान खाली घातली. तिला मी कधी कुणापुढे मान खाली घालताना पाहिलं नव्हतं. माझ्याकडे तिने अजून काही विचारलेलं नाही. विचारील तेव्हा काय सांगायचं ते मला माहीत नाही.

दादा, मला साहेबाचा राग येत नाही, तो परका आहे. तुझं उत्तर परतीच्या टपालाने येऊ दे.

सगुणा

०

माझगाव, मुंबई
४ सप्टेंबर १९८८

चि. सगुणा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. खोटं लिहीत नाही, किस्सा मीच सांगितला. साहेब मशीन घ्यायला तयार नव्हते, कोळंबीच्या कारखान्यात याचा उपयोग काय असं म्हणत होते. त्यांना हसवावं म्हणून आत्याची गोष्ट सांगितली. ते हसले. हसता हसता त्यांनी मला विचारलं की खरी वयं मिळाली तर यंत्र काय करू शकेल, आणि मी सांगून बसलो. मी नाही म्हटलं असतं तर ऑर्डर गेली असती आणि माझी नोकरीही.

तेव्हा आत्याचं नाव त्यात येईल हे माझ्या ध्यानात आलं नाही. मला ती तेवढी म्हातारी कधी वाटलीच नाही. जूनमध्ये तुला लिहिताना आलं. पण मला वाटलं की एखादं वर्ष इकडेतिकडे होईल, ती अटीच्या बाहेर राहील. तुझं तेहेतीस वाचलं त्या दिवशी तुला तार करावी असं मनात आलं होतं. रिपोर्ट गेलेला होता. केली नाही.

एवढीच विनवणी आहे, आत्याला माझं नाव सांगू नकोस. मी गणपतीला येतो. तिच्यासाठी चांगली साडी घेऊन ठेवली आहे. सवडीने मीच तिला सगळं सांगेन. तू मोठ्या मनाची आहेस, मला दूर लोटू नकोस.

गंगाराम

०

मिऱ्या, रत्नागिरी
८ सप्टेंबर १९८८

चि. गंगाराम यास मथुरा आत्याचे अनेक आशीर्वाद.

मी सांगत्ये आणि सगुणा लिवत्ये. बाबा गंग्या, माजं काम सुटलं ते तुला कुणाकडून तरी कळेलच, म्हणून मीच सांगत्ये. वाईट वाटून घेऊ नको. पाय थकलेच होते, बरं झालं. बायका आज रागावल्या हायत, उद्या बोलतील. गोदा नाय बोलायची, पण तिचं बरोबर हाय.

सांगायचं ते वेगळं. हे सगळं सगुणाच्या हातून झालं. पोरीला समजलं नाय, सायबाने गोड बोलून करून घेतलं. तिने माज्या पायाशी बसून कबूल केलं, माजी चूक म्हणाली, आणि दोन दिस जेवली नाय. मी तिला माफ केलंय. तू भाऊ हायस, शिकलेला हायस, तुला राग येईल की आत्याला हिने घरी बसवलं. तर माज्यासाठी तिला एक शब्द बोलू नको. तू हवा होतास तेव्हा इथं. तू असतास तर हे होऊ दिलं नसतंस.

गणपतीला ये. मोदक तुला आवडतात तसे करत्ये. आत्यावर जीव असू दे.

मथुरा

दादा, वरचं आत्याने सांगितलं तसं लिहिलं आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून हे तिच्यासमोर बसूनच लिहिते आहे. अजून काय लिहितेस म्हणून तिने विचारलं, तर म्हटलं की येताना छत्री आण असं कळवते. आता तुझ्यामुळे मीही तिच्याशी खोटं बोलायला शिकले.

तुझं नाव मी सांगितलेलं नाही. तू विनवलंस म्हणून नाही. दोन पोरं तिने वाढवली, त्यातल्या एकावर तरी तिचा विश्वास उरावा, म्हणून सगळं माझ्यावर घेतलं. कारखान्यात मी अजून जाते, कारण आता घरात तेवढंच येतं. ठिपक्यासमोर बसते आणि सांगतील ती अट घालते.

तू ये. तिच्या हातचे मोदक खा. तू असतास तर हे होऊ दिलं नसतंस, असं ती तुझ्या तोंडावर म्हणेल आणि तुझ्या डोक्यावरून हात फिरवील. त्या वेळी मी तिथेच बसलेली असेन, आणि तू काय बोलतोस ते मला ऐकायचं आहे.

कळावे. माझ्यावर लोभ ठेवला नाहीस तरी चालेल.

सगुणा