वाणातली क्रीमची डबी

१७ जाने.
चोवीस डब्या भरून झाल्या. कंबर गेली. दरवर्षी प्लास्टिकचे चमचे लुटण्यापेक्षा यंदा हळदीकुंकवाला घरची क्रीम. सोयाबीनचं तेल, जवस, ज्येष्ठमध, मैंदर्गीच्या वहिनीने पाठवलेली शतावरी. पाळी गेल्यापासून चेहरा नुसता ओढायचा, ह्याने जरा मऊ पडला. व्हिडिओतली बाई म्हणते, ह्या वनस्पतींतलं सत्त्व आपल्या हार्मोनसारखंच काम करतं. हे म्हणाले, "आता एमआयडीसीत जागाच बघू की." मदतीला मात्र कोणी नाही.

१९ जाने.
झालं एकदाचं. बायका खूश. फक्त शेजारची पद्मा नको नको करत होती. अकरा वर्षांचा शेजार, तिच्याशी कसली भीड? आत काय काय घातलंय ते सांगत मीच तिच्या गालाला लावून दिली. सगळ्यांना सांगितलं तेच तिलाही म्हटलं, रोज दोनदा लाव, किती सुकलीस. वर्षभरात फार उतरलीय. कधीही विचारा, "रक्त कमी हाय, अक्का."

३० जाने.
पद्माने डबी परत आणून दिली. वाण परत! असं कुणी करतं का? कारणसुद्धा सांगितलं नाही. भयंकर राग आला. संध्याकाळी दारात दिसली, मी मान फिरवली.

१ फेब्रु.
राहवेना. जाऊन विचारलंच. तिने मला आत घेऊन दार लावलं.
कॅन्सर. स्तनाचा. गेल्या वर्षी "माहेरी" गेली होती ते ऑपरेशनलाच. आता हार्मोन अडवायची गोळी, रोज. तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरांना डबीतलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, कातडीतून आत किती जातं ते नक्की सांगता येत नाही, पण तुम्ही लावू नका.
"अकरा दिवस लावलं, अक्का. तुमी दिलं म्हणून."
नवरा आणि सासू सोडून कुणाला माहीत नाही. लेकीचं लग्न ठरतंय. मला हातावर हात ठेवायला लावून शपथ घातली.
आणि मी मान फिरवली होती. लाज वाटते.

२ फेब्रु.
बाकी डब्यांचं काय? कुणाला काय दुखणं, मला काय ठाऊक. पद्माचंच कुठं ठाऊक होतं. खरं लिहावं तर आधी विचारतील, कुणाला काय झालं? मग वीस जणी मिळून शोधतील, आणि डबी परत केलेली एकटी पद्माच.
शेवटी ग्रुपवर टाकलं: क्रीम खराब निघाली, फेकून द्या.
उत्तरं: "कुठं खराब? लई भारी हाय." "मी अर्धी संपवली." "अजून दोन डब्या द्या की!"
करायला गेले एक, झालं भलतंच. थकले आता.

३ फेब्रु.
अजून चार जणींचे फोन. खराब आहे म्हटलं की हसतात. दोघींनी आपापल्या आईला दिलीय. मी आज लावली नाही, गाल खेचतोय. जेवण नको वाटलं.

५ फेब्रु.
दुपारी रेखाचा फोन. मागच्या गल्लीतली, सगळ्यांत हसरी. आवाज अगदी हळू.
"अक्का, खराब न्हाय झाली ती. खरं सांगा, काय काय घातलंय? मी एक गोळी घेते... कुणाला बोलू नका."
एकेक नाव सांगितलं. ती लिहून घेत होती. शतावरीपाशी थांबली.
"रोज लावलीस का?" मी विचारलं.
"व्हय. तुमीच म्हणाला होता की, दोनदा."