आत्येने सांगितलेलं नाव

ता. ११ जानेवारी १९३२, हर्णे

वही उघडायला फार उशीर केला, माफी असावी. दिवाळीनंतर एक अक्षर नाही. हात धजत नव्हता. दाजीच्या लेकीला, सत्यवतीला, काल मुलगा झाला. लग्न झालेलं नाही. मूल आमच्या खंडूचं, सगळा गाव जाणतो. खंडू गलबतावर, कालिकतच्या बाजूला. निघताना म्हणाला होता, "बाबा, आलो की लगीन करतो." दाजीला तेवढा धीर नाही.

मला नातू झाला — आणि मी तो पाहिला नाही!

ता. १३

दाजीच्या दारी गेलो. ओटीवर जाळं सांधत बसला होता. मान वर केली नाही.

"कशाला आलास, धाकूदादा?"

"पोराला बघायला."

"बाप नाय, तर आजा कुठला? पोर आमच्या लेकीचं."

आत पोर रडलं. खंडू अस्साच रडायचा. दाजीच्या बायकोने, गोदूबाईने, दार ओढून घेतलं.

ता. १५

दापोलीला वकिलाकडे जाऊन आलो. पाय सुजले. म्हणाला, "लग्न नाही, तर मूल आईचं. बापावर फार तर पोटगी बसेल. आजोबा, तुम्ही कसला हक्क मागता?" आणि हसला!

ता. १७

 थंडी पडली आहे. पोराला दुपटं तरी धड आहे का?

ता. १८

विठू तांडेलाला विचारलं. गावकीत त्याच्या शब्दाला मान. म्हणाला, "कोर्टाचं आपल्याला काय! बारशाला बापाची बहीण पाळण्याशी उभी राहिली, कानात नाव सांगितलं, की पोर बापाच्या घरचं. मग दाजीने तोंड उघडायचं नाय."

"पण बोलावल्याशिवाय आमची मथुरा जाणार कशी?"

"पायांनी जाईल! हाकलली तर येईल परत."

मथुरेला अंजनवेलला निरोप धाडला. लेक माझी माझ्यासारखी भित्री नाही.

ता. २१

मथुरा दाजीकडे बारशाला गेली. मी बाहेर माडाखाली, देवाला हात जोडून. वाटलं, आता शिव्या ऐकू येतील. काही नाही! गोदूबाईने स्वतः पाट मांडला म्हणे. मथुरेने कानात नाव सांगितलं, बायांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. रघू. माझ्या बापाचं नाव.

मथुरा पाठ चोळत, हसत आली. मग म्हणाली, "बाबा, सत्या हसली पण नाय. पोराला नुसती आवळून बसली होती."

बाळंतीण आहे, दमली असेल.

ता. २४

दाजी आला. मागे गोदूबाई, तिच्या हातात रघू.

"घे. आत्येने नाव सांगितलं, बायांदेखत. पोर तुमचं."

सत्यवतीला जयगडच्या एका बिजवराला देणार आहेत, बारशाआधीच ठरलं होतं. त्याला पोर नको. म्हणून पाट मांडला होता! आणि मी माडाखाली देवाला हात जोडत होतो.

"आणि सत्या?" मी विचारलं.

"तिने तुझ्या दारात यायचं नाय. बिजवराशी तशी बोली झालीय."

गोदूबाई पदर तोंडाला लावून निघून गेली. शेजारची चिमा लेकुरवाळी, ती आपल्या अंगावरचं पाजते. रघू तिच्याकडे नीट पीत नाही. वास ओळखतो.

एवढा धडपडलो, नातू मांडीवर आला. आता त्याच्याकडे पाहवत नाही.

ता. २६

चिमाकडून निरोप धाडला, तो असा: सत्या, पोरी, माझ्या दाराला कुणाची बोली नाही. दाजी संध्याकाळी मासळीच्या लिलावाला जातो, तेव्हा मागच्या कुंपणाने ये. जबाब चिमाजवळ दे. रघू भुकेला आहे. कधी येतेस, तेवढं लवकर कळव.