आवारातली रुई

ता. २ फेब्रुवारी १८६४, अमरावती

नत्थुजीची विहीर सहा पुरुष खोल, पाणी गोड! चाखून पाहिलं. देवीदास माळ्याची शिकवण — बागेचा भाव सांगायच्या आधी विहिरीत वाकून पाहावं, मग मालकाच्या तोंडाकडं. नत्थुजीचं तोंड हल्ली कापसाच्या बोंडासारखं फुललेलं. तीन वर्षांमागं पेरणीला बैल उसने मागत फिरे. आता परकोटाबाहेर दुमजली घर! आणि घर झालं की बाग हवीच. ज्याला त्याला हवी.

झाडं देवीदासला कळतात. भाव मी काढतो, ठराव मी लिहितो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, मुळं तोडते. म्हणून झाडागणिक दोन हात खड्डा, त्यात नदीचा गाळ. मजूर चौपट मागतात. काम सरळ दोनशेचं. मी एकशे दहा सांगितले.

देवीदासनं मागून बाही ओढली. "भाऊ, एकशे दहात तं खड्डेच होतात!"

नत्थुजीनं पाठीवर थाप मारली — "तू तं घरचाच मानूस हायेस, सूर्यभान!"

घरचाच! हा शब्द नव्वद रुपयांना महाग नाही.

ठरावातलं शेवटचं कलम: आवारातली रुई मुळासकट काढणे. कमरेइतकी माजली आहे.

ता. ३

काल एक गोष्ट मुद्दाम लिहिली नाही. आज राहवत नाही. नत्थुजीची बहीण सुभद्रा — वीस वर्षांची, तीन वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून भावाकडं. आमच्या जातीत विधवेचा पाट लागतो. पण नवरा कुवारा असेल तर त्याचं पहिलं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं, मग तिच्याशी. पुण्याला कॉलेजात हे बोलून गेलो तर सोबती लोळून हसले. "वधूपक्षाला पाने किती?" असं एकानं विचारलं. त्याचा दात पाडला! तिथंच माझं कॉलेज संपलं.

आज विहिरीवर ती घागर भरत होती. तोंडावर पदर, पण आवाजात हसू.

"कालेजात का शिकले मंग?"

"अर्धंच शिकलो."

"लगीनई अर्धंच लावसान काय? रुईसंग लावलं, का पळाले!"

मी म्हणालो, तू हो म्हण, उद्याच रुईला बाशिंग बांधतो. ती मग घागर उचलत म्हणाली, "अर्धं टाकून जाची खोड हाय तुमाले. पाहू."

पाहू! रात्रभर एवढंच.

ता. ८

तीस खड्डे झाले. ती दिसली नाही.

ता. १५, अकोट



इथल्या पंजाबरावांच्या नव्या घराला बागेचा भाव सांगायला आलो. बिजवर, चाळिशीचा, सहा बैलजोड्या, बैलांच्या शिंगांना चांदी. पाणी मचूळ. असल्या पाण्यावर मोगरा जगायचा नाही, हे सांगणार, तोच तो म्हणाला, "मोगरा पाह्यजेच. चाफाई. माजघराच्या खिडकीखाली. वैशाखातल्या आखातीजेले घरधनीन येऊन राहिली नं!"

"कुठली?" — मोजायची दोरी माझ्या हातात.

"अमरावतीच्या नत्थुजीची बहीण. सुपारी फुटली."

मी तिप्पट भाव सांगितला. वाटलं, भांडेल; मग मीही भांडेन.

"मंजूर," म्हणाला. घासाघीससुद्धा नाही!

ता. १६, वाटेत

गाडीत देवीदास शेजारी. शेवटी मीच — तुला ठाऊक होतं?

"होतं, भाऊ."

"मग सांगितलं काहून नाहीस?"

"सांगाची मनाई होती. घरी चाल. नत्थुजीच्या आवारात जाऊन पाह्य, मंग जे बोलाचं ते तिच्यासंग बोल."

मनाई! कुणाची, हेही मी विचारलं नाही. उघड आहे — नत्थुजीची. मीठ माझं खाल्लं, तोंड त्याच्यासाठी बंद ठेवलं. गाडीतून उतरलो, दोन कोस पायी चाललो.

आणि ती! हो म्हणायला पंधरा दिवस लागले नाहीत तिला. शिंगांना चांदी बघितली असेल.

ता. १८, अमरावती

गेलो. नत्थुजी ओट्यावर पान लावत होता.

"घरचा माणूस म्हणालात मला!"

"मंग? घरचा म्हनलं. जावाई थोडीच म्हनलं!"

गडी फिदीफिदी हसले. मी तसाच मागच्या आवारात शिरलो. जमीन साफ, खड्डे एका ओळीत, गाळ भरलेला — माझं काम, माझ्या पदरचं! आणि विहिरीजवळ मधोमध एकच रुई उभी. भोवती आळं. आळ्यात पाणी! माझी थट्टा अशी झाडासारखी पोसली यांनी. लग्नाची नवरी ठेवली माझ्यासाठी!

दोन्ही हातांनी धरून उपटली. सहज निघेना. गुडघा टेकून ओढली तेव्हा मुळासकट आली. चीक कोपरापर्यंत. मागच्या दारात सुभद्रा उभी, कमरेवर घागर.

मी झाड तिच्या पायाशी टाकलं. "घ्या! ठरावातलं शेवटचं कलम पुरं झालं!"

तिनं घागर खाली ठेवली, मुळं पाहिली. बोलायला तोंड कुठं होतं?

ता. १९

डोळ्यांना चिकाचा हात लागला. आग आग. सगळं खोटं, सगळे खोटे.

ता. २१

देवीदास आला. बसला नाही, दारातूनच बोलला. ते आळं तिनं स्वतः केलं होतं. मजूर हात लावू गेले तर खुरपं घेऊन आडवी आली. अकोटला हो भावानं म्हटलं. ती नाहीच म्हणत होती. देवीदासला म्हणाली होती — "त्यायले सांगू नका. हे झाड हाय तवर मी वाट पाहीन. या खेपेले पुरं करते का, पाहू द्या."

परवा संध्याकाळी तिनं भावाला सांगितलं, अकोटला निरोप धाडा, मी येते.

मी विचारलं, रुई पुन्हा लागेल का? फांदी तुटली तर फुटते, म्हणाला. ती तर मुळासकट निघाली.

ठरावाचा कागद काढून शेवटचं कलम पाहिलं. अक्षर माझंच आहे.