अकरा मुलांची यादी

शिकागो,
९ मार्च १९९८

प्रिय विलेट्टा,

तुझं कार्ड मिळालं. मेम्फिसची हवा तुला मानवते आहे, गुडघे सोडले तर बाकी सगळं चालतंय, हे वाचून बरं वाटलं. मीही ठीक आहे. फुटपाथवरचा बर्फ अजून हटलेला नाही, म्हणून प्रार्थनेला जाताना शेजारणीचा हात धरते.

खरं सांगू? कार्ड मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या ओळीपाशी थांबले. ‘भिंतीवर तुझं नाव लागणार असं कळलं. अभिनंदन.’ सत्तावीस वर्षांत एक शब्द नाही आणि आता एकदम अभिनंदन. तुला हे कुणी सांगितलं? माझा पत्ता कुणी दिला? नुसतं अभिनंदन करून गप्प बसणारी तू कधीच नव्हतीस.

बातमी खरी आहे. मॅडिसन स्ट्रीटवरच्या आपल्या दवाखान्याला नवी इमारत मिळाली. येत्या रविवारी, सुरुवातीला तिथे काम करणाऱ्या बायकांच्या नावांची पाटी तिथे लागेल. नावं लिहून द्यायचं काम समितीनं माझ्याकडे दिलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. मी सहा नावं दिली. तुझं दिलं नाही.

बाळांच्या खाण्याच्या रिकाम्या बरण्या पिशवीत घालून आपण जिने चढायचो, आठवतं? लोक दाराची साखळीसुद्धा काढायचे नाहीत. मिसेस पेटिग्रू फटीतून म्हणाली होती, “सरकारला माझ्या नातवाची लघवी कशाला हवी? आमच्याकडून न्यायचं अजून काय राहिलंय?” तू तिथेच पायरीवर बसून बूट काढलेस. म्हणालीस, “मावशी, सरकारला हवी असती तर नोटीस आली असती. मला आधी प्यायला पाणी द्या.” पाणी मिळालं, आणि जरा वेळानं बरणीही भरून मिळाली.

वर्तमानपत्रांत काळ्या लोकांच्या चळवळीतल्या आपल्या पोरांच्या बंदुकांचे फोटो यायचे. त्या बरण्यांचा कुणी काढला नाही. भिंतींवरच्या जुन्या रंगाचे पापुद्रे गोड लागतात म्हणून मुलं ते खायची आणि त्यातलं शिसं त्यांच्या डोक्यात भिनायचं. लघवी तपासल्यावर अशी अकरा मुलं सापडली. पाच वर्षांचा रेनार्ड पेटिग्रू तर बोलणं विसरत चालला होता. इस्पितळात दोन महिने काढून आला आणि पहिल्याच दिवशी आजीशी भांडला. आपण दोघी किती हसलो होतो.

मग त्या अकराही घरांना घर खाली करायच्या नोटिसा आल्या. शेजारच्या एकाही दारावर नाही. आपण केलेली त्या मुलांची यादी घरमालकाच्या हातात पडली होती; भिंती दुरुस्त करण्यापेक्षा माणसं हाकलणं त्याला स्वस्त.

त्या दिवसांत पोलीस आपले फोन चोरून ऐकायचे, म्हणून फोन उचलला की आपण आधी खट्ट असा आवाज येतो का ते ऐकायचो. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या गाडीचा नंबर लिहून ठेवायचो. तुझा भाऊ क्लीओफस त्याच मालकाच्या इमारती सांभाळायचा, आणि यादी तूच त्याच्या हातून मालकाला पोचवलीस, असं तळघरातल्या बैठकीत कुणीतरी बोललं. बोलणारी मीच, असं तुला वाटत आलं असेल. मी नव्हते. मी कोपऱ्यात बसून बैठकीची हकीकत लिहीत होते. तू माझ्याकडे वळलीस. “फिल, सांग ना यांना. यादी आपण दोघींनीच केली, ती कायम तुझ्याकडे होती.” मी मान वर केली नाही. ‘विलेट्टाला काढावं असं ठरलं,’ हे वाक्यही मी वळणदार अक्षरात लिहिलं.

मिस्टर ब्रॉडनॅक्स आठवतात? निवडणुकीत आपल्या गल्लीची मतं गोळा करणारे आणि रविवारी चर्चमध्ये दानाची टोपली फिरवणारे. माझ्या आईला नोकरी त्यांनीच लावून दिली होती. नोटिसा यायच्या आधीच्या आठवड्यात ते आमच्याकडे आले. टोपी काढून म्हणाले, “पोरी, नावं दे. वर बोलून सगळ्यांना लवकर इस्पितळात घ्यायला लावतो.” तू असतीस तर त्यांना हसून वाटेला लावलं असतंस. मी नन्सच्या शाळेतली. वडीलधाऱ्यांना नाही कसं म्हणायचं, ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. पट्टीनं रेघा आखून मी यादीची स्वच्छ प्रत काढून दिली. वर त्यांना कॉफी दिली.

यादी मालकाकडे त्यांच्याच हातून गेली, हे नोटिसा आल्या त्याच दिवशी मला कळलं. बैठक त्यानंतर चार दिवसांनी होती, विलेट्टा.

ती अकरा घरं गेली नाहीत. आपली माणसं पायऱ्यांवर ठाण मांडून बसली, वकील आणले, शेवटी महापालिकेला माणसं पाठवून भिंती खरवडून घ्याव्या लागल्या. गल्ली सोडून गेलीस ती एकटी तू. आणि मी सत्तावीस वर्षं लोकांना सांगत राहिले की कुणाचा भरवसा धरू नये.

शनिवारी मी समितीला दुसरा कागद दिला. त्यात हे सगळं लिहिलंय. पाटीवरून माझं नाव काढायला सांगितलं आणि तुझं सगळ्यात वर घातलं. समितीचा अध्यक्ष आता रेनार्डच आहे. कागद वाचून त्यानं घडी घातली आणि माझ्याच हातात परत दिला. मग म्हणाला, “फिल मावशी, रविवारी हे तुम्हीच वाचा. मी वाचणार नाही.”

वाचेन, असं वचन मी तुला देत नाही. माझ्या वचनावर तू कशी विसंबशील? अकरा वाजता कार्यक्रम आहे. तू स्वतः ये आणि बघ. पहिल्या रांगेत बस, म्हणजे मला मान खाली घालता येणार नाही.

समितीच्या कागदावर केली तीच सही इथेही करते.

यादी देणारी,
फिलोमिना