उजव्या हाताचं कुंपण

डनबर्रा, व्हिक्टोरिया
३ मे २००४

चि. व्हर्नास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझा गुडघा पिकअपमध्ये चढताना तेवढा कुरकुरतो. मेंढ्या विकून झाल्या. कुत्रा रोज सकाळी रिकाम्या आवारापाशी जाऊन बसतो आणि मीच त्या लपवल्यासारखा माझ्याकडे बघतो.

शेताच्या विक्रीसाठी हेडली वकिलाने कागदांची ही लांबलचक यादी दिली. बाबांचं मृत्युपत्र, बोअरचा परवाना, मेंढ्या बुचकळायच्या जुन्या टाकीची जागा आणि हद्दीची मोजणी. मोजणीपाशी घोडं अडलं. आपलं पूर्वेचं कुंपण नकाशावरच्या रेषेत नाही. शेजारच्या टलकांची अकरा एकर जमीन आपल्या बाजूला आली आहे, ओढ्याच्या वळणावरच्या डोहासकट.

हेडली म्हणाला, घाबरू नका, पंधरा वर्षांच्या वर ताबा तुमचा, म्हणजे कायद्याने जमीन तुमचीच. मी तसं प्रतिज्ञेवर लिहून द्यायचं, एल्स्पेथ टलकने हरकत नाही म्हणून सही करायची, की काम फत्ते. शेत दोघांच्या नावावर, म्हणून तुझीही सही लागेल. कुंपण एक्क्याऐंशीच्या पुरानंतरचं. पुरात हद्दी हलतात, असं मी त्याला सांगितलं.

बाळाला पापा.

तुझा
क्लेम

ॲडलेड
१२ मे २००४

ती. स्व. क्लेमदादास सा. न. वि. वि.

सही करून टाक आणि मोकळा हो. कायदाच आपलं म्हणतोय तर नाही म्हणणारे आपण कोण? एल्स्पेथबाई डोळे मिटून सही करतील. ब्याऐंशीच्या दुष्काळात तू त्यांना डोहाचं पाणी भरू दिलंस, ते त्या अजून मला नाताळच्या कार्डात लिहितात. दरवर्षीचं पुडिंग येतं ना? बावीस वर्षांत मला एक फोड पाठवली नाहीस, हावरटा.

शिवाय तो डोह माझ्या लग्नाचा. सगळे फोटो त्याच पाण्याकाठचे. तो दुसऱ्या कुणाचा कसा असेल?

एरवी मोजणीदाराच्या चहात किती साखर होती तेसुद्धा लिहितोस, आणि या वेळी चार ओळींत उरकलंस. तब्येत बरी आहे ना? खरं काय ते लिही.

रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी
व्हर्ना

डनबर्रा
२० मे २००४

चि. व्हर्नास अनेक आशीर्वाद.

तब्येत बरी आहे. माणूस बरा नाही.

मंगळवारी कागद घेऊन एल्स्पेथकडे गेलो. तिने चष्मासुद्धा शोधला नाही. म्हणाली, तू आणलायस ना, मग वाचायचं काय त्यात. सही केली, केक कापला, आणि पुन्हा एकदा दुष्काळातल्या पाण्याबद्दल माझे आभार मानले. मी तो केक खाल्ला, व्हर्ना. दुसरी फोडही घेतली.

आता खरं लिहितो. बाबांचा नियम तुला आठवत असेल, इथे सगळ्यांचाच आहे. कुंपण वाहून गेलं की दोन्ही शेजाऱ्यांनी मधोमध समोरासमोर उभं राहायचं आणि आपापल्या उजव्या हाताचा अर्धा बांधायचा. त्या पुरात गॉर्डन टलकचा पाय ट्रॅक्टरखाली मोडला आणि तो तीन महिने इस्पितळात पडला. म्हणून त्याचाही अर्धा मीच बांधला. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी माझं नाव घेतलं, शेजारी असावा तर असा. जुना खुणेचा खांब जागेवर होता, मला दिसत होता. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, मला विचारणारं कुणी नव्हतं. मी डोहाच्या पलीकडून तार ओढली. पुराने हलवलं नाही, मी हलवलं.

पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. गॉर्डन कुबडी घेऊन आला आणि टोपी काढून आपल्या दाराशी उभा राहिला. स्वतःच्या पाण्यासाठी. मी आठवड्यातून दोन दिवस भरा म्हटलं. दोन दिवसांच्या पाण्यावर त्याच्या गाई तगल्या नाहीत, विकाव्या लागल्या. आणि त्या नाताळात पहिलं पुडिंग आलं.

गॉर्डन गेला तेव्हा त्याच्या शवपेटीला मी खांदा दिला. लाज वाटते हे लिहायला. कागद टेबलावर पडून आहे, माझी सही अजून केलेली नाही. तू काय म्हणशील ते करीन.

क्लेम

ॲडलेड
२९ मे २००४

ती. स्व. दादास सा. न.

तुला बोल लावायला बसले होते. तीन कागद फाडले.

लग्नाच्या दिवशी डोहाकाठच्या गवतात मी तो खांब पाहिला होता. खुणेची खाचही पाहिली. तो फोटोत येऊ नये म्हणून त्यावर फुलांची टोपली मीच ठेवायला लावली. टलक नवराबायको पाहुणे म्हणून आले होते, त्यांच्याच जमिनीवर. मी गॉर्डनला हाताने ताट वाढलं आणि त्याने जागेची तारीफ केली. एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला नकाशातलं काय कळतं. तो फोटो आज भिंतीवरून उतरवला.

तेव्हा एकटाच लाजू नकोस. पण तिने न वाचता केलेल्या सहीवर मी माझी सही करणार नाही. जमीन परत द्यायचा कागद हेडलीकडून करून घे, त्यावर लगेच करीन. आणि तिला वकिलाच्या पत्रातून कळू देऊ नकोस. स्वतः जा, तोंडाने सांग.

जाऊन आलास की लिही, तोवर मला झोप नाही.

तुझी
व्हर्ना

डनबर्रा
१४ जून २००४

चि. व्हर्नास आशीर्वाद.

गेलो. तिची सही असलेला कागद तिच्यासमोर चुलीत घातला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टोपलीचंही, तुझी परवानगी धरून. तिने बस म्हटलं नाही. बराच वेळ टेबलावरचं कापड सारखं करत राहिली. मग एवढंच म्हणाली, की गाई गेल्या त्या दिवशी गॉर्डन ट्रकमागे फाटकापर्यंत चालत गेला होता, मोडक्या पायाने. आणि परत येऊन त्याने तिला सांगितलं होतं, क्लेमसाठी काहीतरी गोड कर, त्याच्यामुळे वासरं तरी वाचली.

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हेडली कपाळाला हात लावून बसला. डोहाशिवाय खरेदीदार भाव पाडणार, पाडू दे. मोजणीदाराने जुना खांब शोधून दिला. नवी तार ओढायची आहे. मी एल्स्पेथला निरोप धाडला की तिने काळजी करू नये, मी एकटाच सगळं बांधून देईन.

काल सकाळी पिकअपमधून नवे खांब उतरवत होतो तर ती आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गॉर्डनचे चामडी हातमोजे घालून, बरोबर भाड्याने घेतलेले दोन गडी. रेषेच्या मधोमध माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि उजवा हात लांब केला. म्हणाली, इथून तिकडचा अर्धा आमचा. मागच्या वेळी दोन्ही अर्धे तू बांधलेस.

मी माझा अर्धा बांधतो आहे. कागद सोबत धाडला आहे, सही करून पाठव.

आहे तसा तुझा
क्लेम