लंबकाच्या धड्यातला आवाज

प्रिय मास्तर,

संगणकावर एक लंबक हलायला अकरा रविवार लागले. तुमचा शेवटचा धडा. जामखेडहून एसटीनं यायचं, माझ्या वर्कशॉपच्या ऑफिसात बसून प्रोग्रॅम लिहायचा, संध्याकाळी परत. त्यात वहिनींचे अकरा रविवार गेले ते वेगळेच!

आज लिहायचं कारण, तुम्ही गेल्यावर शाळेत तुमच्या जागी आलेल्या बाईंचा फोन. "शेठ, धडे छान आहेत, पण सरांचा आवाज तेवढा काढा. पोरं घाबरतात हो."

घाबरणारच! दोरी कापली जाते, गोळा हवेत थबकतो आणि तुम्ही विचारता, "सांगा, आता कुठं जाईल?" उत्तर दिल्याशिवाय तो पडत नाही.

मी तेव्हाच म्हणालो होतो, "कशाला टांगून ठेवता? पडू द्या की!"

"शेठ, पडल्यावर कुनीबी सांगतं."

परवा म्हणे एक पोरगी बाकावरून उठून दाराशी गेली. "सर वाट बघत्यात," म्हणाली.

आज दुपारी मशिनं बंद ठेवून आवाज पुसायला बसलो. आधी आपण केलेले नऊही धडे ओळीनं लावले. पहिल्या, त्रिकोणाच्या धड्यात प्रश्न एका दमात. पाचव्यात मध्येच एक श्वास. लंबकाच्या धड्यात तीन! आणि प्रश्न संपला तरी गोळा अधांतरीच, अन् तुमचा श्वास चालू. आत, बाहेर. मी चक्क "मास्तर?" म्हणून हाक मारली.

सांगितलं का नाहीत? खोकल्याचं विचारलं की म्हणायचात, "एसटीत धूळ लई."

आणि मी तुम्हाला ऐकवायचो, अख्ख्या नागापूर एमआयडीसीत माझ्यासारखा कान नाही, कुठलं बेअरिंग जाणार ते गेटाबाहेरून ओळखतो! तुम्ही हसायचात. "मंग आमचंबी ऐका कवातरी."

आवाज पुसत नाही, मास्तर. उद्या शाळेत जातो, पोरांच्यात बसतो. सर दम घेत्यात, भ्यायचं न्हाई, असं सांगतो. मग सगळे मिळून उत्तर देऊ. तुम्हाला ताटकळत ठेवणार नाही, हा शब्द.

नऊही वेळा तुमच्या तोंडाशी माईक धरून मीच बसलो होतो.

तुमचा,
शेठ